आठ वेळा ‘नाही’

‘राज्यपाल’ हा शब्द अमेरिकेबद्दल वाचताना मराठी वाचकाला चकवतो. आपला राज्यपाल राष्ट्रपतींनी नेमलेला, एरवी शपथविधीपुरता दिसणारा (अलीकडे तो जरा जास्तच दिसू लागला आहे, तो विषय वेगळा). तिकडचा गव्हर्नर मतदारांनी थेट निवडलेला असतो. अधिकाराने तो आपल्या मुख्यमंत्र्यासारखा, पण विधिमंडळाचा विश्वास गेला म्हणून त्याची खुर्ची जात नाही. गव्हर्नर एका पक्षाचा आणि विधिमंडळ दुसऱ्याचे, अशी कोंडी मग होते. कॅलिफोर्नियात अशा कोंडीतून एक वाट निघते: सह्या गोळा करून कायद्याचा मसुदा थेट मतपत्रिकेवर नेण्याची. रिपब्लिकन गव्हर्नर अर्नोल्ड श्वार्झनेगर यांनी २००५ साली ती धरली, आणि ८ नोव्हेंबरच्या विशेष निवडणुकीत मतपत्रिकेवरचे आठही प्रस्ताव पडले. त्यांतले चार खुद्द त्यांनी पुढे रेटलेले होते. लोकप्रियता ओसरलेली होती म्हणून ते हरले, हे स्पष्टीकरण खोटे नाही, पण अर्धेच आहे. ती ओसरण्यामागे ही निवडणूक बोलावण्याचा हट्टही होता. विधिमंडळाच्या डोक्यावरून जनतेकडे जाणारा सत्ताधीश प्रत्येक प्रश्नाला स्वतःचे नाव चिकटवतो, आणि मग लोक प्रश्नाला नव्हे, नावाला उत्तर देतात.

मुळात हे हत्यार सत्ताधीशांसाठी घडवलेलेच नव्हते. सदर्न पॅसिफिक रेल्वे कंपनीने राज्याचे राजकारण मुठीत ठेवले होते, त्या काळात गव्हर्नर हायरम जॉन्सन यांच्या पुढाकाराने १९११ मध्ये मतदारांना तीन हक्क मिळाले: कायदा सुचवण्याचा, झालेला कायदा रोखण्याचा आणि निवडून दिलेल्याला माघारी बोलावण्याचा. यांतल्या तिसऱ्या हक्काच्या जोरावरच श्वार्झनेगर सत्तेवर आले. ऑक्टोबर २००३ मध्ये मतदारांनी तेव्हाचे गव्हर्नर ग्रे डेव्हिस यांना मुदतीआधी घरी पाठवले आणि १३५ उमेदवारांच्या गर्दीतून या सिनेनटाला निवडले. लोकांच्या लाटेवर बसून आलेल्या माणसाला ती लाट आपल्याच मालकीची वाटू लागली, तर नवल नाही. मार्च २००४ ने तो समज पक्का केला. तूट भरून काढण्यासाठी १५ अब्ज डॉलरच्या रोख्यांचा प्रस्ताव ५७ आणि त्याचा जोडीदार ५८, दोन्ही सहज मंजूर झाले. मात्र ते विधिमंडळाशी तडजोड करून मतपत्रिकेवर आले होते आणि डेमोक्रॅटिक नेते त्यांचा प्रचार करत होते, ही बाब यशाच्या धुंदीत मागे पडली असावी.

पुढच्या वर्षी तडजोडीची भाषा गेली आणि पडद्यावरची आली. अर्थसंकल्प अडवणाऱ्या आमदारांना त्यांनी २००४ च्या उन्हाळ्यातच ‘बायकी’ ठरवले होते. रुग्णालयांत एका परिचारिकेकडे किती रुग्ण असावेत, या नियमाची अंमलबजावणी त्यांनी लांबवली. तेव्हा निषेध करणाऱ्या परिचारिकांची गणना त्यांनी ‘हितसंबंधी टोळ्यां’त केली. सरकारी निवृत्तिवेतन बदलण्याच्या योजनेत कर्तव्यावर मृत्यू आलेल्या पोलिसांच्या नि अग्निशामकांच्या विधवांचे काय, हा प्रश्न उठला आणि एप्रिल २००५ मध्ये ती योजना गुंडाळावी लागली. परिचारिका, शिक्षक, अग्निशामक: रस्त्यावरच्या कुणालाही विचारावे, यांतली ‘टोळी’ कोणती? तरीही जूनमध्ये त्यांनी विशेष निवडणूक जाहीर केली. शिक्षकांना नोकरीत कायम होण्यासाठी दोनऐवजी पाच वर्षे (७४), सरकारी कर्मचाऱ्यांच्या वर्गणीतून राजकारणावर खर्च करण्याआधी त्यांची लेखी संमती (७५), खर्चावर मर्यादा आणि गव्हर्नरला कपातीचे जादा अधिकार (७६), मतदारसंघांची आखणी निवृत्त न्यायाधीशांकडे (७७). पुढच्या वर्षी नेहमीची निवडणूक होणारच होती. यांतले एकही काम तोवर थांबू शकले नसते असे नाही. ‘आत्ताच का?’ या मतदारांच्या प्रश्नाला पटेल असे उत्तर मिळालेच नाही. २००४ मध्ये साठ टक्क्यांच्या पुढे असलेला पाठिंबा त्या उन्हाळ्यात चाळिशीच्या खाली आला.

यावर पहिला आक्षेप असा की, हा पराभव कामगार संघटनांच्या पैशाने विकत घेतला. पैसा पाण्यासारखा वाहिला, हे खरेच. शिक्षक संघटनेने तर खास वर्गणी वाढवली. पण त्याच मतपत्रिकेवर औषध कंपन्यांनीही थैल्या रिकाम्या केल्या आणि त्यांचा प्रस्ताव ७८ पडलाच. पैशाने लोकांच्या मनात शंका पेरता येते. भरवसा उगवत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मतदारांनी मसुदे वाचून ते नाकारले असतील, त्यात गव्हर्नरचा काय संबंध? प्रस्ताव ७५ बाबत हे मान्य करावे लागते. सुरुवातीच्या पाहण्यांत तो पुढे होता, पण त्याच धाटणीचे प्रस्ताव १९९८ मध्येही पडले आणि २०१२ मध्येही. ७७ ची गोष्ट मात्र निराळी. त्याला जेमतेम ४० टक्के मते पडली. तीनच वर्षांनी, २००८ मध्ये, मतदारसंघ आखण्याचे काम आमदारांकडून काढून घेणारा प्रस्ताव ११ निसटत्या बहुमताने मंजूर झाला. त्याचा मसुदा बदललेला होता, न्यायाधीशांच्या जागी नागरिकांचा आयोग आला होता, संसदेचे मतदारसंघ वगळले होते. एवढ्याने बराच फरक पडला असेल. पण सोबत बिगरपक्षीय संघटना होत्या, आणि तो एका माणसाच्या आमदारांशी चाललेल्या भांडणाचा भाग नव्हता, याने पडलेला फरक त्याहून लहान मानायला मी तयार नाही.

गोव्यात याची दुसरी बाजू दिसते. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाआधी गोव्याच्या महाराष्ट्रातील विलीनीकरणाचे खंदे पुरस्कर्ते, मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांच्या सरकारने राजीनामा दिला. कौल निःपक्ष व्हावा, हा हेतू. विलीनीकरण ३४ हजारांवर मतांनी हरले. त्यानंतर दोन-तीन महिन्यांतच झालेल्या निवडणुकीत गोमंतकीयांनी बांदोडकरांनाच पुन्हा सत्तेवर बसवले. माणूस आणि प्रश्न यांची फारकत मतदारांना जमते. फक्त माणसाने आधी बाजूला व्हावे लागते.

श्वार्झनेगर एक धडा चटकन शिकले. पराभवाची जबाबदारी घेतली, डेमोक्रॅट असलेल्या सुझन केनेडींना प्रमुख सहकारी नेमले, विधिमंडळाशी जुळवून घेतले आणि २००६ मध्ये सुमारे ५६ टक्के मतांनी पुन्हा निवडून आले. सोबत रस्ते, शाळा, घरे, बंधारे यांसाठीचे रोखेही मंजूर झाले. मे २००९ मध्ये तिजोरी पुन्हा आटली, तेव्हा सहा प्रस्तावांची आणखी एक विशेष निवडणूक झाली. या वेळी विधिमंडळ बरोबर होते. पण मंदीत होरपळलेल्या लोकांच्या मनातून गव्हर्नरइतकेच विधिमंडळही उतरले होते. पाच प्रस्ताव पडले. प्रचंड बहुमताने पार झाला तो एकच: तुटीच्या वर्षात आमदारांना आणि गव्हर्नरला पगारवाढ नाही.