निघताना काय नेता येतं?

ऑनलाइन कंपन्या हल्ली गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या किराणा दुकानदारालाही सांगतात आणि तिथल्या झाडीपट्टी रंगभूमीच्या नाट्यकंपनीलाही : आमचा मंच सर्वांना खुला आहे, नाव नोंदवायला पैसे पडत नाहीत. नाव नोंदवायला पैसे सावकारही घेत नव्हता. प्रश्न निघतानाचा आहे. दुकानदाराला मिळालेले तारे, अभिप्राय, गिऱ्हाइकांशी जुळलेली ओळख, नाटक कंपनीच्या पानाला जोडलेले प्रेक्षक, सगळं तिथंच ठेवून निघावं लागतं. निघताना आपलं ते सोबत नेता येणं याला खुलेपणा म्हणायचं असेल तर वडशाला तो नव्यानं शिकवण्याची गरज नाही. नाटक ठेवणारी गावोगावची मंडळं इथं येऊन नाट्यकंपन्यांच्या या कार्यालयातून त्या कार्यालयात फिरतात, नाटक, कलावंत, तारीख आणि रक्कम ठरवतात. यंदा एक कंपनी, पुढच्या वर्षी दुसरी. कलावंतानं कंपनी बदलली तर त्याचं नाव त्याच्याबरोबर जातं.

बाजार खुला करायचा म्हणजे आत येणाऱ्यांची संख्या वाढवायची, असाच आपला समज राहिला. बाजार समित्यांचा 1963 चा कायदा, 1991 चं उदारीकरण, 2016 चा ई-नाम हा शेतमालाचा ऑनलाइन बाजार, ही वाट सर्वांच्या माहितीची आहे.

आत येण्याइतकीच निघण्याची मुभाही लागते, हे समजताना घोटाळा होतो तो गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा या गावाजवळ. गावाचे नेते देवाजी तोफा आणि त्यांचे साथी मोहन हिराबाई हिरालाल ही नावं आली की आपण लगेच मालकीवर बोलू लागतो. 2006 च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपज गावाचं मानलं, त्यात बांबूही आला. 2009 मध्ये मेंढ्याला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. गोष्ट इथं संपते, असं बहुतेक लेख धरून चालतात. माझ्या मते ती इथं सुरू होते. गडचिरोलीचा बांबू दशकानुदशकं करारानं बल्लारपूरच्या कागद कारखान्याला जात होता. आता बांबू गावाचा झाला, पण जंगलाबाहेर नेण्याचा वाहतूक परवाना वनखात्याकडेच राहिला. याच कायद्याच्या 2008 च्या नियमांनी वनोपज नेण्याची मुभा दिली होती ती डोक्यावरच्या मोळीला, सायकलला आणि हातगाडीला. मोटारीला जुनेच परवाना नियम. डोक्यावरून बांबू नेऊन कुणाशी भावाची घासाघीस करणार?

27 एप्रिल 2011 ला तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडलं. नियमांच्या 2012 च्या दुरुस्तीनं परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या समितीकडे आला. गावाला खरेदीदार निवडता येऊ लागला तो तेव्हा. मालकीनं जे दोन वर्षांत साधलं नाही, ते त्या पुस्तकानं साधलं. कंपन्या आज ‘तुमची माहिती डाउनलोड करा’ असं बटण देतात, ती 2008 ची सायकल आहे. माहिती हाती येते, पण दुसऱ्या दारात ती चालत नाही.

चालावी यासाठीचे प्रयत्न झाले आहेत. ईमेल तर कंपनी न बघता पोहोचते. 2018 मध्ये प्रमाणित झालेल्या ‘ॲक्टिव्हिटीपब’ या नियमावलीमुळे मॅस्टोडॉन या समाजमाध्यमावर एका सर्व्हरवरचा माणूस दुसऱ्या सर्व्हरवरच्याशी बोलतो, आणि घर बदललं तरी अनुयायी सोबत नेऊ शकतो. आपल्याकडे 2021 च्या अखेरीस स्थापन झालेल्या ‘ओएनडीसी’ या ऑनलाइन व्यापाराच्या खुल्या जाळ्यात एका ॲपवरचा विक्रेता दुसऱ्या ॲपवरच्या ग्राहकाला दिसतो. टीकाकार तिथल्या ऑर्डरी मोजतात. मला ती मोजणी बिनकामाची वाटते, कारण प्रश्न निघता येण्याचा आहे. एवढं मात्र मान्य की जोडणी झाली म्हणून मक्तेदारी आपोआप मोडत नाही : यूपीआयवर कुठल्याही ॲपमधून कुठल्याही बँकेत पैसे जातात, तरी सुमारे 80 टक्के व्यवहार दोनच ॲपमधून होतात. पण तिथं तिसरं ॲप घेणाऱ्याचं खातं बुडत नाही, आणि हा फरक लहान नाही.

वडशातल्या दुकानदारांनी आणि नाट्यकंपन्यांनी नाव नोंदवण्याआधी एवढंच लेखी विचारून घ्यावं : आम्ही निघालो तर आमची गिऱ्हाइकं, आमचे अभिप्राय आणि आमचे प्रेक्षक आमच्याबरोबर येतील का?