पुरलेला रुपया आणि खाली ठेवलेली रॅकेट



आजच्या शुभवर्तमानात आपण रुपयांचा दृष्टांत ऐकला. परदेशी निघालेला धनी तीन चाकरांच्या हाती आपली मालमत्ता सोपवतो. दोघे ती दुप्पट करतात, तिसरा खड्डा खणून ती पुरून ठेवतो. मूळ ग्रीक शास्त्रलेखात येथे ‘तालांतोन’ हा शब्द आहे. ते चांदीचे वजन होते आणि एका तालांताचे मोल त्या काळच्या मजुराच्या सुमारे २० वर्षांच्या मजुरीइतके होते. तेव्हा ज्याला ‘एकच’ मिळाला तोही काही रिकाम्या हाताचा नव्हता. टीव्हीवरच्या गाण्यांच्या आणि नाचांच्या स्पर्धांमुळे घरोघरी पोहोचलेला ‘टॅलेंट’ हा शब्द याच दृष्टांतातून इंग्रजीत रूढ झाला. मात्र आपण शब्द घेतला आणि धन्याला विसरलो.

या दृष्टांतावर विचार करताना माझ्या डोळ्यांसमोर अ‍ॅश्ली बार्टी ही ऑस्ट्रेलियन टेनिसपटू येते. तिचा जन्म १९९६ साली क्वीन्सलंड राज्यातील इप्सविच येथे झाला. वडिलांकडून ती तेथील मूळ रहिवाशांपैकी नगारिगो लोकांची. चार-पाच वर्षांची असताना तिला ब्रिस्बेनमधील जिम जॉइस या प्रशिक्षकांकडे नेले. इतक्या लहान मुलांना ते सहसा शिकवत नसत, पण या चिमुरडीची नजर चेंडूवरून हलत नाही हे पाहून त्यांनी तिला ठेवून घेतले. घरी ती भिंतीवर चेंडू मारत बसे. २०११ मध्ये, १५ व्या वर्षी, तिने विम्बल्डनची मुलींची स्पर्धा जिंकली. २०१३ साली केसी डेलाक्वा हिच्याबरोबर तिने दुहेरीत ऑस्ट्रेलियन, विम्बल्डन आणि अमेरिकन अशा तीन मोठ्या स्पर्धांची अंतिम फेरी गाठली. तिन्ही वेळा ती जोडी हरली, पण १७ वर्षांच्या मुलीसाठी ही काय कमी कमाई?

आणि २०१४ च्या सप्टेंबरमध्ये, अमेरिकन स्पर्धेनंतर, १८ वर्षांच्या बार्टीने सांगितले की मी थोडी थांबते. वर्षातले बहुतेक दिवस घरापासून दूर, हॉटेलच्या खोल्या, विमाने आणि एका झटक्यात मिळालेली प्रसिद्धी! तिला चारचौघींसारखी राहायचे होते. ती ब्रिस्बेनला परतली आणि थोड्याच दिवसांत चक्क क्रिकेट खेळू लागली. सामन्याचे क्रिकेट ती त्यापूर्वी कधी खेळली नव्हती, तरी २०१५-१६ च्या पहिल्याच महिला बिग बॅश लीगमध्ये तिला ब्रिस्बेन हीट संघात जागा मिळाली आणि पदार्पणाच्या सामन्यात तिने २७ चेंडूंत ३९ धावा काढल्या. (आपल्या क्रिकेटवेड्या तरुणांनी हे जरूर लक्षात ठेवावे.) क्रिकेटने तिला दिले ते म्हणजे संघ. हरल्यावर बरोबर बसणारी माणसे. टेनिसच्या कोर्टावर खेळाडू एकटाच हरतो.

२०१६ च्या फेब्रुवारीत ती टेनिसकडे परतली. पुढचे सगळे वर्तमानपत्रांत येऊन गेले आहे. २०१९ मध्ये फ्रेंच स्पर्धा आणि त्याच जूनमध्ये जगातील पहिला क्रमांक. २०२० साली महामारीत ती घरीच राहिली, अमेरिकेला गेली नाही, पॅरिसचे विजेतेपद राखायलाही गेली नाही, आणि त्या काळात गावच्या गोल्फ क्लबची स्पर्धा जिंकून मोकळी झाली! २०२१ मध्ये, इव्हॉन गुलागॉंग या मूळ रहिवासी कुळातील खेळाडूने प्रथम विम्बल्डन जिंकल्याला ५० वर्षे होत असताना, बार्टीने ते जिंकले. २९ जानेवारी २०२२ रोजी मेलबर्नच्या अंतिम सामन्यात दुसऱ्या सेटमध्ये १-५ अशी मागे असतानाही तिने सामना खेचून आणला. ४४ वर्षांनंतर ऑस्ट्रेलियन खेळाडूने घरच्या मैदानावर एकेरीचे विजेतेपद मिळवले होते. त्यानंतर आठ आठवड्यांच्या आत, २३ मार्चला, तिने निवृत्ती जाहीर केली. वय २५ आणि क्रमांक पहिला. जाहीर करताना शेजारी बसली होती तीच जुनी सोबतीण, केसी डेलाक्वा. बार्टीच्या सांगण्याचा आशय असा होता की सर्वोच्च पातळीवर खेळायला जी ओढ आणि जे बळ लागते ते आता माझ्यात उरले नाही, माझ्याजवळ होते ते सगळे मी दिले आहे. क्रमवारीतून आपले नाव काढून टाकण्याची विनंतीही तिने केली.

आता प्रश्न असा की, तिने आपला रुपया मातीत पुरला का?

२०२२ च्या निर्णयापुरते उत्तर सोपे आहे. तीन मोठी विजेतेपदे पदरात पडल्यावर उठणाऱ्याला जग शहाणा म्हणते. पोप बेनेडिक्ट सोळावे २०१३ साली पदावरून पायउतार झाले, त्याआधीचे पोप जॉन पॉल दुसरे २००५ साली शेवटच्या श्वासापर्यंत पदावर राहिले. ख्रिस्तसभेने दोघांनाही दोष दिला नाही. खरा कठीण प्रश्न २०१४ चा आहे. १८ वर्षांच्या त्या मुलीकडे तेव्हा दाखवायला यश थोडे होते. ती परत येईल हे कोणाला ठाऊक नव्हते, तिला स्वतःलाही नाही. ती परतली नसती तर आपण काय म्हटले असते?

हा प्रश्न पुस्तकी नाही. गेल्या महिन्यात आपल्यातीलच एक पालक मला भेटले. मुलगी नववीत, बॅडमिंटन खेळते, पहाटे पाचला उठून प्रशिक्षणाला जाते. आता ती म्हणते, नको. वडील म्हणाले, “फादर, आम्ही कर्ज काढून फी भरली. देवाने दिलेली देणगी ही मातीत पुरते की नाही?” त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, भीती होती. मी त्यांना लगेच उत्तर दिले नाही.

दृष्टांत पुन्हा वाचा. तिसऱ्या चाकराने सांगितलेले कारण आळसाचे नाही, भीतीचे आहे. धनी कठोर आहे असे त्याने मनाशी धरले आणि त्या भयाने त्याचा हातच चालला नाही. मुलगी अपयशाच्या भीतीने थांबत असेल तर ती त्या चाकराच्या वाटेवर आहे खरी. पण आईवडिलांच्या भीतीने ती खेळतच राहिली तर? तेही भयच. आणखी एक गोष्ट सहसा आपल्या नजरेतून सुटते. दृष्टांतात हिशेब फक्त धनी विचारतो. शेजारी विचारत नाहीत, प्रेक्षक विचारत नाहीत, फी भरणारेही विचारत नाहीत.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस यांचा एक भेद मला रुक्ष वाटे, आता वाटत नाही. ते म्हणतात की कौशल्यामुळे माणसाचे काम चांगले होते, माणूस चांगला होतो तो सद्गुणांमुळे. सुतार उत्तम खुर्ची करील आणि तरी घरी दुष्टपणे वागेल. ज्या मुलाला आपण लहानपणापासून केवळ त्याच्या खुर्चीवरून जोखतो, त्याची खुर्ची मोडली की तो स्वतःला मोडलेला समजतो. २०१४ मध्ये बार्टीच्या घरच्यांनी तिला क्रमांकावरून जोखले नाही. ती जशी होती तशी घरी आली आणि तिला जेवायला वाढले गेले. माझ्या मते पुढच्या तिन्ही विजेतेपदांचे मूळ त्या दीड वर्षात आहे. पण ती विजेतेपदे आली नसती तरी ते दीड वर्ष योग्यच ठरले असते.

म्हणजे मुलांनी कंटाळा आला की सोडून द्यावे असे नव्हे. येथे संत इग्नेशियस लोयोला यांचा सल्ला कामी येतो. मन उदास असताना जुना निश्चय मोडू नये, मन निवळेपर्यंत थांबावे. काल सामना हरले म्हणून आज सोडले, हा निर्णय नव्हे. बार्टीनेही २०१४ मध्ये ‘निवृत्ती’ हा शब्द वापरला नव्हता, विश्रांती म्हटले होते. दार लोटले, कडी घातली नाही.

ते वडील पुन्हा आले तेव्हा मी त्यांना एवढेच सुचवले की सहा महिने फी भरू नका, मुलीला पहाटे उठवू नका, पण रॅकेट विकू नका. आणि रविवारी मिस्सानंतर तिला धर्मशिक्षणाच्या वर्गाला पाठवा. प्रशिक्षणामुळे दोन वर्षे ती आली नाही, तरी खिडकीजवळच्या तिच्या जागेवर मुली अजून दुसऱ्या कुणाला बसू देत नाहीत.