नाताळच्या रात्रीचा हिशेब

ज्या गोष्टीचा शेवट निम्म्या वाटेवरच आपल्याला कळून चुकलेला असतो, ती गोष्ट आपण अखेरपर्यंत, आणि तीही उत्कंठेने, का पाहत राहतो, हा प्रश्न मला दर वर्षी नाताळच्या सुमारास पडतो. कारण अर्न्स्ट ल्युबिच या दिग्दर्शकाचा ‘द शॉप अराउंड द कॉर्नर’ हा १९४० सालचा चित्रपट मी त्या दिवसांत आवर्जून पाहतो, आणि त्यातील प्रत्येक वळण मुखोद्गत असूनही पूर्वीइतकाच त्यात गुंततो. नाताळच्या पार्श्वभूमीवरील हलक्याफुलक्या प्रेमकथा म्हणजे थंडीच्या दिवसांतील क्षणिक करमणूक, तीत विचार करण्याजोगे काही नसते, असे पुष्कळ सुशिक्षित गृहस्थ मानतात. ते मत मला मान्य नाही.

मिक्लोश लास्लो या हंगेरियन नाटककाराच्या नाटकावरून सॅम्सन राफेलसन यांनी या चित्रपटाची पटकथा लिहिली. नाटकातील दुकान सुगंधी द्रव्यांचे होते. पडद्यावर ते चामड्याच्या पिशव्या आणि पाकिटे यांचे झाले, परंतु शहर मात्र बुडापेस्टच राहिले. मातुशेक हा दुकानाचा मालक, आणि त्याच्या पदरी मोजकीच नोकरमाणसे. त्यांपैकी क्रालिक हा जुना, विश्वासू कारकून आणि क्लारा नोवाक ही नव्याने लागलेली विक्रेती यांचे दिवसभर क्षणभरही पटत नाही. आणि हीच दोघे एकमेकांचे नावगाव न जाणता, टपाल कचेरीतील २३७ क्रमांकाच्या पेटीमार्फत, साहित्य आणि जीवन यांविषयीच्या उदात्त विचारांनी ओथंबलेली पत्रे एकमेकांना लिहीत असतात. जेम्स स्ट्युअर्टच्या क्रालिकला हे रहस्य मध्यावर उमगते, मार्गारेट सुलव्हनच्या क्लाराला अगदी अखेरीस. म्हणजे पुढे काय होणार, ही उत्सुकता कथा संपण्याच्या पुष्कळ आधी निकालात निघते. उरते ती निराळीच आस्था, की जे सत्य आपल्याला ठाऊक आहे, ते झेलण्याइतकी ही दोन अभिमानी माणसे मऊ केव्हा होतील.

गोविंद बल्लाळ देवलांचे ‘संशयकल्लोळ’ ज्यांनी रंगभूमीवर पाहिले आहे, त्यांना ही रीत परकी वाटू नये. मोलिएरच्या प्रहसनापासून इंग्रजीमार्गे मराठीत उतरलेल्या त्या नाटकातही खरे काय ते प्रेक्षक आधीच जाणून असतो, आणि त्या जाणण्यातच त्याच्या आनंदाचे मूळ असते. त्या नाटकातील संशयी नवऱ्यासारखा एक फाल्गुनराव मातुशेकच्या दुकानातही आहे, आणि तो म्हणजे खुद्द मालकच. निनावी पत्राने त्याच्या मनात पत्नीविषयी विष कालवले जाते आणि तो आपल्या सर्वांत इमानी नोकरावर, क्रालिकवर, संशय घेतो. परंतु येथे ल्युबिच देवलांपासून दूर जातो, आणि माझ्या मते हीच या चित्रपटाची थोरवी आहे. फाल्गुनरावाचा संशय निराधार असतो, म्हणून आपण पोट धरून हसू शकतो. मातुशेकचा संशय माणसाच्या बाबतीत चुकलेला, पण मुळात खरा निघतो. अपराधी असतो तो वादाश नावाचा दुसराच गुळगुळीत जिभेचा नोकर. हे कळल्यावर तो वृद्ध गृहस्थ आपल्या कचेरीचे दार लोटून घेतो आणि पिस्तूल हाती घेतो. सामान पोचवणारा पोऱ्या ऐन वेळी आला नसता, तर या हलक्याफुलक्या चित्रपटात एक प्रेत पडले असते.

असे असूनही आपण या चित्रपटाला हलकाफुलका म्हणतो, आणि ते चुकीचे नाही. दुःख त्यात आहे, फक्त ते कोणी मिरवीत नाही. या माणसांना मिरवण्याची ऐपत नाही, कारण त्यांच्या सर्व भावना पगाराला बांधलेल्या आहेत. मंदीची छाया दुकानावर आहे, आणि नोकरी गेली तर दुसरी मिळेलच याची शाश्वती कोणालाच नाही. पिरोविच हा बायकामुलांचा धनी असलेला मध्यमवयीन कारकून, मालक कोणत्याही मालाविषयी प्रामाणिक मत विचारू लागला, की निमूटपणे जिना चढून नाहीसा होतो. प्रेक्षागृहात हशा पिकतो, परंतु त्या पळण्यामागे एका कुटुंबाची भाकरी उभी असते. आणि क्रालिक! ज्या संध्याकाळी त्या अज्ञात प्रियेची प्रथम भेट ठरलेली, त्याच दिवशी त्याला बडतर्फीचा हुकूम मिळतो. उपाहारगृहाच्या दारापर्यंत तो येतो आणि थबकतो. बेकार माणसाने कोणत्या तोंडाने एका स्त्रीसमोर उभे राहावे? खिडकीतून डोकावून ती कशी दिसते हे सांगण्याची विनंती तो पिरोविचला करतो, आणि कार्नेशनचे फूल व ‘आना कारेनिना’ची प्रत पुढ्यात घेऊन आत बसलेली असते क्लारा. प्रेमाची घटका आणि उपजीविकेची चिंता इतक्या सहजपणे एका उंबरठ्यावर आणून ठेवणारा प्रसंग पडद्यावर मी फारसा पाहिलेला नाही.

पुढे एक दृश्य येते, ते काही क्षणांचेच आहे. पत्र येईल या आशेने क्लारा टपालपेटीत हात घालते. कॅमेरा पेटीच्या आत आहे. हातमोजा घातलेली बोटे रिकाम्या जागेत चाचपडतात, हात मागे जातो, आणि त्या चौकोनातून तिचा उतरलेला चेहरा दिसतो. या दृश्याने मी दर वेळी हेलावतो, आणि ज्याला हेलावण्यासारखे त्यात काही दिसत नाही, त्याला या प्रकारच्या कलाकृतीचे मर्म सांगून पटवणे मला तरी शक्य नाही.

नाताळच कशाला हवा, असे कोणी विचारील. हा शब्द आपल्याकडे वसई-गोव्याच्या वाटेने पोर्तुगीजांकडून आला आणि मूळ अर्थाने तो जन्माचा उत्सव आहे. परंतु ज्या समाजात ही कथा घडते तेथे तो एका मुदतीचाही दिवस आहे. त्या रात्री दुकाने मिटतात, वर्षाच्या विक्रीचा आकडा निघतो, नोकरांच्या हाती बक्षिसाची पाकिटे पडतात, आणि ज्याचे त्याचे घर ज्याला त्याला बोलावते. इतर दिवशी गर्दीत लपून राहणारे एकाकीपण त्या रात्री, दिवे मालवल्यावर, रस्त्यावर उघडे पडते. म्हणून वर्षभर थकलेले प्रेमाचे देणे त्या रात्रीच्या आत चुकते व्हावे, असा तगादा प्रेक्षकाचे मनच कथेला लावू लागते.

ल्युबिच हा बर्लिनमधील एका यहुदी शिंप्याचा मुलगा. तारुण्यात तो दिवसा वडिलांच्या दुकानाचे हिशेब लिही आणि रात्री रंगमंचावर उभा राही. दुकानातील माणसे कशी बोलतात, मालकाच्या आवाजाने कशी दचकतात, हे त्याला वाचून शिकावे लागले नाही. चित्रपट १९४० च्या जानेवारीत प्रदर्शित झाला, म्हणजे नाताळ उलटून गेल्यावर, आणि युरोपात महायुद्ध पेटून चार महिने झाल्यावर. पिरोविचची भूमिका करणारा फेलिक्स ब्रेसार्ट नाझींच्या राज्यातून परागंदा झालेला. खुद्द ल्युबिचचे जर्मन नागरिकत्व १९३५ मध्ये हिरावले गेलेले. चित्रपटात युद्धाचा उच्चारही नाही. ज्या मध्य युरोपाचा लवकरच विध्वंस व्हायचा होता, तेथील एका कोपऱ्यावरचे दुकान या निर्वासितांनी कॅलिफोर्नियात लाकूड आणि काच यांनी पुन्हा उभे केले, आणि त्यातील नम्र, भांडखोर, प्रेमळ माणसांना एक नाताळ सुखाचा दिला. याला पलायनवाद म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

अलीकडे अमेरिकन दूरचित्रवाणी दर हिवाळ्यात याच घाटाचे डझनावारी चित्रपट काढते. त्यांत बर्फ असते, गोड गैरसमज असतो, अखेरचे चुंबनही ठरलेले असते. पुनरावृत्तीबद्दल माझी तक्रार नाही. सणाला तेच पक्वान्न हवे असते. उणीव आहे ती इतकीच, की त्यांतील कोणालाही पगाराची काळजी नसते, आणि म्हणून कोणाचेही सुख मोलाने घेतलेले वाटत नाही.

मातुशेकच्या दुकानात त्या रात्री कित्येक वर्षांत झाली नव्हती अशी विक्री होते. इस्पितळातून उठून आलेला मालक सर्वांना बक्षिसी वाटतो, आणि मग बर्फ पडत असता दाराशी उभा राहून बाहेर पडणाऱ्या एकेका नोकराजवळ, आज रात्री जेवायला कोठे, असा विषय आडूनआडून काढतो. कोणाची आई वाट पाहत असते, कोणाची मैत्रीण. प्रत्येकाला तो शुभेच्छा देऊन जाऊ देतो. शेवटी रूडी नावाचा नवा पोऱ्या बाहेर येतो. बुडापेस्टमध्ये त्याचे कोणीच नाही. मातुशेकचा चेहरा उजळतो; भाजलेला हंस, तांबडी कोबी, सफरचंदाचे स्ट्रुडेल अशी जेवणाची यादीच तो त्या मुलापुढे वाचू लागतो, आणि त्याला बरोबर घेऊन निघतो. आत, मालवलेल्या दिव्यांत, क्रालिक आणि क्लारा अजून दुकान बंद करीत असतात.