दुसऱ्या दिवशीचा शेजारी

आजचे शुभवर्तमान : लूक १०:२५-३७



दयाळू शोमरोनी माणसाचा दाखला आपल्याला तोंडपाठ आहे. याजक निघून गेला, लेवी निघून गेला, शोमरोनी थांबला. बहुतेक वेळा आपण दाखला इथेच संपवतो. पण प्रभू येशू तिथे थांबत नाही. तो आपल्याला उतारशाळेत घेऊन जातो आणि दुसऱ्या दिवसाची सकाळ दाखवतो. शोमरोनी दोन दिनार काढून उतारशाळेच्या मालकाला देतो. एक दिनार म्हणजे त्या काळी मजुराची एका दिवसाची मजुरी. याची काळजी घ्या, जास्त खर्च झाला तर परत येताना मी तो देईन, असेही तो सांगतो. म्हणजे त्याने फक्त जीव वाचवला नाही, परत येण्याचा शब्दही दिला.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. त्या घरच्यांच्या परवानगीने सांगतो. आपल्या धर्मग्रामातील एका गृहस्थांना हृदयविकाराचा झटका आला. अँजिओप्लास्टी झाली. हॉस्पिटलात त्यांना भेटायला रांग लागली होती. मीही गेलो, रुग्णाभ्यंग संस्कार दिला. पाच दिवसांनी ते घरी आले. रविवारच्या मिस्सात आपण आभाराची प्रार्थना केली आणि आपल्या दृष्टीने विषय संपला.

घरी ते आणि त्यांची पत्नी, दोघेच. मुलगा परदेशी. डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत, अक्षर बारीक. महिन्याच्या गोळ्या संपल्या. आता बरे वाटते, कशाला उगाच खर्च, असे म्हणून त्यांनी पुढच्या आणल्याच नाहीत. तपासणीची तारीखही मुसळधार पावसात टळली. स्टेंट बसवल्यावर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या आपल्या मनाने थांबवल्या तर स्टेंटमध्ये रक्ताची गुठळी होऊन पुन्हा झटका येऊ शकतो. तसेच झाले. दुसऱ्यांदा ते घरी परतले नाहीत.

त्या महिन्यात मी त्यांच्या आळीतून दोनदा गेलो होतो. एकदा लग्नाला, एकदा घराला आशीर्वाद द्यायला. त्यांच्या दारात दिवा दिसला. आता ते बरे आहेत, असे मनाशी म्हणून मी पुढे गेलो. आज शुभवर्तमान वाचताना त्या याजकाविषयी बोलणे मला सोपे गेले नाही.

फ्रेंच कॅथोलिक तत्त्वज्ञ गॅब्रिएल मार्सेल यांच्या विचारात ‘उपलब्ध असणे’ याला मोठे स्थान आहे. दुसऱ्यासाठी आपण मनाने मोकळे असणे, असा त्याचा अर्थ. हॉस्पिटलात आपण हजर असतो, पण घरी आलेल्या रुग्णासाठी उपलब्ध असतो का?

प्रभू येशूला हे नेमके ठाऊक होते. याईराच्या मुलीला त्याने मरणातून उठवले. लोक थक्क झाले. पण त्याने घरच्यांना सांगितले की हिला काहीतरी खायला द्या (मार्क ५:४३). चमत्कारानंतरही पेजेची वाटी लागतेच! चमत्कार देवाचा, पेज आपल्या हातची.

उद्या, १४ जुलैला, रुग्णांचे आश्रयदाते संत कॅमिलस यांचा सण आहे. त्यांच्या पायाला जखम होती. ती बरी झाली असे वाटून ते कपुचिन मठात गेले, पण जखम पुन्हा उघडली आणि त्यांना मठ सोडावा लागला. अर्धवट बरे होणे म्हणजे काय, हे त्यांनी स्वतःच्या शरीरावर अनुभवले. म्हणूनच पुढे त्यांनी आयुष्य रुग्णांच्या सेवेला वाहिले.

मग आपण काय करावे? मोठे काही नाही. डिस्चार्जच्या दिवशी घरातल्या एकाने डॉक्टरांना किंवा सिस्टरला चार प्रश्न विचारावेत : कोणती गोळी किती दिवस? पुढची तपासणी कधी? खाणेपिणे आणि हालचाल कशी? काय त्रास झाला तर ताबडतोब परत यायचे? उत्तरे मराठीत लिहून भिंतीवर लावावीत. क्षयरोगाचे औषध साधारणपणे किमान सहा महिने चालते, पण काही आठवड्यांतच बरे वाटू लागते. नेमके तेव्हाच कोणीतरी पाठीशी लागते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते. रात्रंदिवस हे एकट्या सुनेने किंवा एकट्या पत्नीने कसे करावे? तिलाही दोन तास झोप हवी. ती देणे हीसुद्धा सेवाच आहे.

पॅरिश ऑफिसात आजपासून एक वही ठेवली आहे. आपल्या आळीत कोणी हॉस्पिटलातून घरी आले, तर त्यांना विचारून नाव लिहा. लघु ख्रिस्ती समूहाने पहिला महिनाभर आठवड्यातून दोनदा त्या घरी जावे. तरुणांनी कार्ड वाचून द्यावे, औषधे आणावीत, तपासणीला गाडी काढावी. पहिल्या शुक्रवारी मी ख्रिस्तशरीर घेऊन येईनच, पण आता गोळ्यांचा डबाही पाहीन. रागावू नका.

ओरिजेन आणि संत ऑगस्टिन या प्राचीन लेखकांनी ती उतारशाळा म्हणजे ख्रिस्तसभा, असा अर्थ लावला. जखमी माणूस आपल्या हाती सोपवलेला आहे, दोन दिनारही दिलेले आहेत. आणि प्रभू परत येणार आहे. त्याने विचारले तर वहीतले एक तरी नाव आपल्याला सांगता यावे.

प्रभू तुम्हा सर्वांना, विशेषतः आपल्या आजाऱ्यांना आणि त्यांची सेवा करणाऱ्यांना आशीर्वाद देवो.

प्रभूमध्ये आपला,
प्रमुख धर्मगुरू