सरकारी धन आणि साहसाचे फळ

राज्यसंस्थेने नव्या उद्योजकास द्रव्यसाहाय्य करावे, हे तत्त्व आता कोणी फारसे नाकारीत नाही. आपल्याकडेही २०१६ साली ‘स्टार्टअप इंडिया’चा आरंभ झाला आणि नवोद्योगांत भांडवल घालणाऱ्या निधींस बळ देण्यासाठी १०,००० कोटी रुपयांचा ‘निधींचा निधी’ योजण्यात आला. साहाय्य किती द्यावे, याचा खल पुष्कळ होतो. परंतु प्रजेच्या करातून आलेला पैसा जोखमीवर लावल्यास बुडीत कोणी सोसावे आणि फळ कोणी चाखावे, हा प्रश्न मात्र बहुधा तसाच राहतो.

इस्रायलने या प्रश्नाची दोन उत्तरे पाठोपाठ देऊन पाहिली. सोव्हिएट भूमीतून त्या काळी तेथे आलेल्या लाखो लोकांत इंजिनिअर व शास्त्रज्ञ विपुल होते. वाण होती ती त्यांच्या कल्पनांवर पैसा लावणाऱ्यांची. १९९२ साली ‘इन्बाल’ योजनेने अशा पैसा लावणाऱ्या निधींस त्यांच्या मूल्याच्या ७० टक्क्यांपर्यंत सरकारी हमी दिली. हेतू शुद्ध होता. पण हमीने बुडण्याचे भय तेवढे गेले, कमावण्याची ईर्षा काही वाढली नाही. योजना फसली. १९९३ साली १० कोटी डॉलर घेऊन ‘योझ्मा’ आली. हिब्रू भाषेत या शब्दाचा अर्थ ‘पुढाकार’. दहा खाजगी निधींत सरकारने सुमारे ४० टक्के वाटा उचलला. प्रत्येकात परदेशी भागीदार हवा, ही अट घातली. बुडाल्यास भरपाई नाही. मात्र भरभराट झाल्यास पाच वर्षांच्या आत मुद्दल व व्याज देऊन सरकारचा वाटा विकत घेण्याची मुभा भागीदारांस होती. बहुतेकांनी ती वापरली, आणि त्या देशात साहसी भांडवलाचा धंदा मूळ धरून उभा राहिला.

व्यवहार साधला, न्याय साधला काय? तेल अवीवमधला पाव भाजणारा मनुष्यही या सौद्यात करदाता म्हणून भागीदार होता. तोट्यात तो सहभागी, नफ्यात मात्र व्याजाचा धनी! ‘देशात रोजगार वाढला, त्यात त्याचेही भले झाले’ हे समर्थन मला अर्धवट वाटते. त्या रोजगाराचा मोठा वाटा शिकलेल्यांच्याच पदरी पडतो. तथापि सरकारने नफा धरून ठेवावयाचा म्हटला, तर निर्णयही हाती ठेवावा लागतो. आणि बुडालेल्या रुपयाचा जाब अधिकाऱ्यास पुसला जातो, हुकलेल्या संधीचा नाही. असा मनुष्य सुरक्षित तेच निवडणार. तेव्हा नफा सोडणे ही हुकूमत सोडण्याची किंमत होय, असे मी मानतो. पण ती आगाऊ जाहीर केलेली, सर्वांस सारखी आणि मुदतबंद असली तरच. मुदत नसलेले साहाय्य पाहता पाहता इनाम बनते, आणि इनामदार पुढे उद्योग करीत नाही, इनाम राखण्याची खटपट करतो. योझ्माच्या करारात सरकारच्या निरोपाची वेळ पहिल्या दिवशीच लिहिलेली होती. त्या पाववाल्यास व्याजावर समाधान मान म्हणताना निदान तो कागद त्याच्यापुढे ठेवता आला असता.