बटण कोणाच्या हाती

मिरवणुकीतल्या डीजेविरुद्धच्या अर्जावर सही करायची आहे. अर्ज योग्यच आहे. पण चिखलीत हा अर्ज हाती घेणाऱ्या माझ्या कपाटात मासामी अकिताच्या कॅसेटी आहेत, तेव्हा आधी स्वतःशी बोलणं भाग आहे.

टोकियोचा हा माणूस १९७९ पासून ‘मर्झबो’ या नावाने गोंगाट रचतो. सूर नाही, शब्द नाहीत. सुरुवातीला तो घरीच कॅसेटी भरून, झेरॉक्सची वेष्टनं लावून टपालाने धाडायचा. या आवाजाला कॅसेटच मानवते. झेपेल त्याहून मोठा आवाज भरला की टेपवरचे चुंबकीय कण पुढे दाद देत नाहीत, लाटांचे शेंडे चपटे होतात आणि मुळात नसलेली खरखर तिथेच जन्मते. हेड स्पिरिटने पुसलं की बोळ्यावर तपकिरी पूड येते. दर वेळी टेप थोडी झिजतेच.

मला यात काय मिळतं? दिवसभर कानावर पडणाऱ्या प्रत्येक आवाजाला माझ्याकडून काहीतरी हवं असतं: मत, पैसे, उत्तर. या गोंगाटाला काहीच नको असतं. काही मिनिटांनी कान भांडायचं सोडतात आणि त्यात थर उलगडू लागतात. तळाशी जिनिंगच्या यंत्रांसारखी घरघर, तिच्यावर उंच, सरळ किंचाळी. डोकं रिकामं होतं.

हे खरं आहे, पण पुरतं खरं नाही. गावात हे दुसरं कोणी ऐकत नसेल, याचंही मला सुख आहे. शिवाय असाच गोंगाट रचणाऱ्या लंडनच्या ‘व्हाइटहाउस’ गटाने १९८१ साली अख्खी तबकडी पेटर क्युर्टेनला अर्पण केली. त्याने ड्युसेलडॉर्फमध्ये बायका आणि लहान मुली मारल्या होत्या. या प्रवाहातल्या अशा गोष्टींना ‘आपल्याला फक्त ध्वनीशी मतलब’ हे उत्तर मी देत आलो. त्या मुलींच्या घरच्यांसमोर मला ते देववेल का? नाही. तशी कॅसेट मला घरात ठेवायची नाही.

आणि डीजेपुढे नाचणारी पोरं? छाती थरथरावी, क्षणभर ‘मी’ उरू नये, हेच त्यांनाही हवं असतं. माझी भूक वरच्या दर्जाची नाही. फरक एवढाच, की माझा आवाज हेडफोनमध्ये असतो आणि बटण माझ्या हाती. भिंतीपलीकडे खाटेवर पडलेल्या म्हाताऱ्याच्या हाती ते नसतं. २००० सालच्या नियमांनी राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली, ती त्याच्यासाठीच.

म्हणून सही करतो. अर्जात ‘बेशिस्त, असंस्कृत तरुण’ असे शब्द आहेत, ते मात्र आधी खोडायला लावणार आहे.