मर्यादेची किंमत

अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्यात फेझंटच्या शिकारीचा मुख्य हंगाम ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी उघडतो. मक्याची कापणी चाललेली असते, पाणथळीतलं पाणकणीस वाळून पिवळं पडलेलं असतं आणि नारिंगी जाकिटं घातलेली माणसं कुत्र्यांच्या मागोमाग गवतात शिरतात. फेझंट हे आपल्या मोराच्या आणि रानकोंबड्याच्या कुळातलं पाखरू. नराचं अंग तांबूस सोनेरी, मान हिरवी, गळ्याभोवती पांढरं कडं आणि मागे लांबलचक शेपूट. माणशी दिवसाला तीन नर मारायची परवानगी असते. मादीवर बार टाकायला बंदी आहे. काहीजण या दिवसांसाठी पणजोबांच्या काळातली पार्कर, फॉक्स किंवा एल. सी. स्मिथ बनावटीची दुनळी मुद्दाम बाहेर काढतात. घरी शीतपेटीत मांस असतं, दुकान गाडीने जाण्याच्या अंतरावर असतं, ते पाखरू मिळालं नाही तर कुणाच्या घरी चूल विझणार नसते. म्हणूनच इथे प्रश्न फार स्वच्छपणे मांडता येतो. पोटासाठी आवश्यक नसलेली हत्या स्वतःवर बंधनं घालून केली, तर तिचं नैतिक रूप बदलतं का? माझ्या मते बदलू शकतं, पण एकाच कसोटीवर: त्या बंधनाची किंमत शिकाऱ्याने मोजलेली असली पाहिजे. ती पाखराच्या माथी पडत असेल, तर त्या बंधनाला मर्यादा म्हणता येत नाही, हौस म्हणावं लागतं.

मृगयेचा वाद आपल्या परंपरेला नवा नाही. मनुस्मृती राजाच्या कामज व्यसनांची यादी मृगयेपासूनच सुरू करते. कौटिल्य मात्र शिकारीची द्यूताशी तुलना करून शिकारीला झुकतं माप देतो: व्यायाम होतो, मेद झडतो, हलत्या लक्ष्यावर नेम बसतो, जनावरांचं चित्त कळतं. ‘शाकुंतला’च्या दुसऱ्या अंकातला सेनापतीही जवळजवळ हेच गुण गातो. या सगळ्या समर्थनात एक गोष्ट सारखी आहे, हिशेबाच्या वहीत जमेच्या बाजूला फक्त शिकारी आहे. हरणाचं खातं कुणी उघडलेलंच नाही. ते उघडतो पहिल्या अंकातला तपस्वी, जो बाण लावलेल्या दुष्यंताला थांबवून शस्त्राचा हेतूच आठवून देतो. विसाव्या शतकात स्पॅनिश तत्त्वज्ञ होजे ओर्तेगा इ गासेत याने १९४२ साली एका शिकारग्रंथाला लिहिलेल्या दीर्घ प्रस्तावनेत या वादाला नवं वळण दिलं. त्याचं म्हणणं असं, की माणसाजवळची सारी यंत्रशक्ती वापरली तर ती शिकार उरत नाही, नुसता संहार होतो. शिकारी आपलं श्रेष्ठत्व जाणूनबुजून थोडं खाली ठेवतो, सावजाला निसटायची वाट मोकळी ठेवतो, तेव्हाच शिकार शक्य होते. हा विचार मला मोलाचा वाटतो, पण अपुरा. हात आखडता घेतला एवढ्याने भागत नाही. तो आखडल्यामुळे कुणाचं काय गेलं हेही पाहावं लागतं.

जुन्या दुनळीपासून सुरुवात करू, कारण तिच्या बाबतीत फसगत होणं फार सोपं आहे. तिच्या बाजूचा युक्तिवाद सरळ आहे. दोन नळ्या, दोन बार, संपलं. त्यांतल्या अनेकींच्या नळ्या लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, तापवून, ठोकून जोडलेल्या असतात. नळीवर दिसणारी ती लाटांसारखी नक्षी, जिला दमास्कस म्हणतात, ती याच कारागिरीची खूण. या नळ्या काळ्या दारूच्या जमान्यातल्या. काडतुसाचं घर अनेकदा आजच्या काडतुसापेक्षा आखूड. आजचं जोरकस काडतूस त्यांत घालणं धोक्याचं, म्हणून हलका बार वापरावा लागतो, आणि हलका बार म्हणजे कमी पल्ला. आता कसोटी लावा. कमी पल्ल्याची बंदूक हाती धरून जो दूर उडालेल्या नरावर चाप ओढतच नाही, तो किंमत स्वतः मोजतो. दिवसभर चालून रिकाम्या हाताने परततो. पण त्याच बंदुकीने जो चाळीस-पन्नास यार्डांवर नशीब आजमावतो, त्याचे छर्रे विरळ होऊन पाखराच्या पायात, आतड्यात, पंखात जातात आणि ते तडफडत झुडपात शिरून दोन दिवसांनी मरतं. इथे जुन्या बंदुकीचं बंधन पाखराने भोगलं. नक्षी तीच, कारागिरी तीच, आणि तरी एक कृती संयमाची आणि दुसरी निर्दयतेची.

छर्ऱ्यांचंही तसंच. शिसं विषारी आहे. पाणपक्षी ते खड्यांबरोबर गिळून मरतात म्हणून १९९१ पासून अमेरिकेत पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाला सर्वत्र बंदी आहे. पोलादी छर्रे कठीण असल्याने जुन्या नळ्या खराब करतात. बिस्मथचे छर्रे मऊ आणि सुरक्षित, पण बरेच महाग. जुनी बंदूक प्रिय आहे म्हणून, जिथे कायद्याची आडकाठी नाही तिथे शिसंच पेरत राहणं, याचा अर्थ आपल्या आवडीचं बिल तळ्यातल्या बदकाच्या नावे फाडणं. बिस्मथ विकत घेणारा तेच बिल स्वतःच्या खिशातून भागवतो. बंदुकीच्या सौंदर्याला माझा विरोध नाही. सुंदर हत्यार सांभाळण्यात पूर्वजांबद्दल आदर असतो. पण हत्यार सुंदर असलं की मृत्यूवर एक तलम पडदा पडतो, आणि तो पडदा दूर करत राहणं हे त्याच्या मालकाचं काम आहे.

कुत्र्याची गोष्ट वेगळी, आणि माझ्या दृष्टीने साऱ्या प्रश्नाच्या केंद्राशी तोच आहे. सेटर आणि पॉइंटर जातीचे कुत्रे वाऱ्यावरचा वास धरतात आणि पाखरू जिथे दडलंय तिथे ताठ उभे राहतात. स्प्रिंगर स्पॅनियल झुडपात घुसून ते उठवतो. लॅब्राडोर पडलेलं पाखरू शोधून तोंडात अलगद धरून आणतो. वरवर पाहता कुत्रा म्हणजे माणसाच्या बळात भर, म्हणजे ओर्तेगाच्या हिशेबाने बंधनाच्या उलट. मला मात्र कुत्र्याने माणसाच्या जबाबदारीत घातलेली भर जास्त मोठी वाटते. फेझंट जात्याच पायाने पळणारं पाखरू आहे. पंख मोडलेला नर जमिनीवर पडताच धावत सुटतो, आणि पाणकणसाच्या गर्दीत माणसाला तो सापडणं जवळजवळ अशक्य. कुत्र्याला त्याचा माग लागतो. कुत्रा नसता तर ते पाखरू नजरेआड झालं, विसरलं गेलं. कुत्रा ते विसरू देत नाही. तो ते धडधडत्या छातीसकट हातात आणून देतो, आणि मग मान मुरगळून त्याच्या वेदना संपवण्याचं काम माणसाला स्वतःच्या बोटांनी करावं लागतं. चाप ओढणं दुरून होतं. हे दुरून होत नाही. शिवाय असा कुत्रा एका दिवसात घडत नाही. बार झाल्यावरही जागचं न हलणं, दातांचा जोर न लावता पाखरू उचलणं, हे शिकवायला महिने, वर्षं लागतात, आणि तो वेळ शिकाऱ्याचा जातो. पाखरांच्या शिकारीला कुत्र्याविना जाणं मला म्हणूनच अक्षम्य वाटतं.

याच कसोटीवर काही प्रकार चटकन निकालात निघतात. नरांनाच मारण्याचा नियम पक्का आहे: एक नर अनेक माद्यांशी जुळतो, तेव्हा काही नर गेल्याने पुढची पिढी घटत नाही, आणि डोळ्यांवर सूर्य असताना नर की मादी याची खात्री नसेल तर बार न टाकण्याचं नुकसान शिकाऱ्याचं होतं. उलट, पाळलेली पाखरं मारण्यासाठीच रानात सोडण्यात कसली मर्यादा? इंग्लंडात दरवर्षी कोट्यवधी फेझंट असे सोडले जातात. तिथे १९१३ च्या डिसेंबरात हॉल बार्न इथे राजा पंचम जॉर्ज यांच्या उपस्थितीत एका दिवसात ३,९३७ फेझंट पाडले गेले, आणि आपण जरा अतिच केलं, असं खुद्द राजाला वाटल्याची नोंद आहे. त्या दिवशी वापरलेल्या बंदुका आजच्या संग्राहकाला हेवा वाटावा अशाच असणार.

सर्वांत गंभीर आक्षेप जैन विचारातून येतो. तो हिंसेचे चार प्रकार मानतो: घरकामात घडणारी आरंभी, व्यवसायात घडणारी उद्योगी, बचावात घडणारी विरोधी, आणि मारायचं ठरवून केलेली संकल्पी. गृहस्थाला पहिल्या तीन पूर्ण टाळता येत नाहीत. चौथी टाळता येते, म्हणून ती टाळलीच पाहिजे. शिकार संकल्पी आहे, यात वाद नाही, आणि त्यावर कितीही बंधनं घातली तरी संकल्प तसाच राहतो. या आक्षेपाला संपूर्ण उत्तर माझ्याजवळ नाही. पण महाभारतातल्या धर्मव्याधाने मिथिलेत कौशिक ब्राह्मणाला दाखवलेली गोष्ट इथे आठवावी: नांगर जमिनीत असंख्य जीव मारतो आणि तरी शेतीला आपण पवित्र मानतो. साउथ डकोटात हे अक्षरशः घडतं. जूनच्या सुरुवातीला लसूणघास कापताना यंत्राच्या पात्यांखाली अंड्यांवर बसलेल्या माद्या सापडतात. १९८५ च्या कायद्याने शेतकऱ्यांना मोबदला देऊन पडीक ठेवलेलं गवताळ क्षेत्र देशभरात २००७ मध्ये सुमारे ३ कोटी ६८ लाख एकर होतं. मक्याचे भाव चढले, आणि पुढच्या दहा वर्षांत ते २ कोटी ४० लाखांच्या खाली आलं. त्या नांगरटीत गेलेल्या पाखरांची मोजदाद कुठल्याच शिकाऱ्याच्या झोळीत होत नाही. माझा दावा एवढाच, की संकल्प नसणं म्हणजे दोष नसणं नव्हे. ज्याचे परिणाम ठाऊक असूनही आपण बघत नाही, त्या हिंसेतही आपला हात आहे. संकल्पी हिंसेत निदान कर्ता स्वतःच्या कृतीसमोर उभा असतो. एवढ्याने तो निर्दोष ठरत नाही. उत्तर द्यायला मात्र बांधील राहतो.

दुसरा आक्षेप व्यवहारी आहे: चालणं, कुत्रा, शरदातलं रान, एवढंच हवं असेल तर बंदुकीऐवजी कॅमेरा न्यावा. ज्याला तसं जमतं त्याने जरूर न्यावा. तो अधिक चांगला मार्ग आहे, असं मी मानतो. फक्त मांस विकत घेऊन खाणाऱ्याने हा सल्ला देताना जरा थांबावं. त्याच्या ताटातल्या कोंबडीसाठी कुणीतरी चाप ओढलेलाच असतो, तोही तिला उडायची एकही संधी न देता. शिकारीच्या समर्थकांचं आवडतं उत्तर वेगळं असतं: अमेरिकेत १९३७ च्या कायद्यानुसार लांब नळीच्या बंदुकांवर आणि काडतुसांवर ११ टक्के कर बसतो, आणि तो पैसा वन्यजीवांच्या अधिवासासाठी जातो. हे खरं आहे, आणि त्या पैशाने पुष्कळ भलं झालं आहे. पण हे समर्थन कराचं झालं, हत्येचं नाही. पैसा बंदूक न चालवताही देता येतो. तसंच, फेझंट मूळचा आशियातला, १८८० च्या दशकाच्या आरंभी शांघायहून ओरेगॉनला आणलेला, म्हणून त्याच्या जिवाचं मोल कमी, हेही मला पटत नाही. त्याला माणसाने समुद्रापार नेलं. वेदना त्याने बरोबरच आणल्या.

मग प्रत्यक्षात उरतं काय? शिकाऱ्याने दोन पाखरं घेतली आहेत. तिसऱ्यावर बार टाकला, पिसं उडाली, पाखरू लटपटत पाणकणसात उतरलं. सूर्य अजून हातभर वर आहे आणि पुढच्या बांधावर आणखी एक नर ओरडतोय. माझ्या कसोटीप्रमाणे त्याचे तीन इथे पुरे झाले, तिसरं हाती लागो वा न लागो. दुनळी उघडून काडतुसं खिशात टाकायची, चिखलात पाय घालायचा, आणि कुत्रा वास हरवेपर्यंत, अंधार पडेपर्यंत, ते एक पाखरू शोधत राहायचं.